अर्धशिशी उठूच नये म्हणून : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी पायरीपायरीने

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे लिहितो, गॅस कधी लावला ते लिहितो. गेली सहा वर्षं त्याच चौकटींत मी लाल पेनाने एक बारीक फुली मारते. फुली म्हणजे त्या दिवशी डोकं उठलं. फुलीखाली टिंब म्हणजे गोळी घेतली, दोन गोळ्या घेतल्या तर दोन टिंबं. पहिल्या महिन्याचं पान मी अजून जपून ठेवलंय. त्यावर चौदा फुल्या आणि एकोणीस टिंबं आहेत. आता महिन्याला दोन, फार तर तीन फुल्या होतात.

तिथून इथवर यायला काय काय करावं लागलं ते सांगण्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. औषध आणि डोस ठरवणं डॉक्टरांचंच काम. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी आणि चिठ्ठी घेऊन घरी आल्यावर आपलं आपल्यालाच जे करावं लागतं, ते फारसं कुणी समजावून सांगत नाही. डोकं दुखत असताना काय घ्यायचं हे सगळ्यांना माहीत असतं. अर्धशिशीचा खरा उपाय मात्र डोकं दुखत नसलेल्या दिवसांत करायचा असतो.

आधी एवढं कळू द्या, हे पित्त नाही

आपल्याकडे अर्ध्या डोक्याचं दुखणं पित्ताच्या खात्यात जमा होतं. सकाळी कानशील उडायला लागतं, मळमळतं, दुपारी उलटी होते, मग गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं उतरलेलं असतं. घरातले म्हणतात, 'पित्त पडलं, आता बरं वाटेल.' माझ्या सासूबाईंनी कोकम आणि मोरावळ्यावर अख्खी चाळीस वर्षं काढली. पण मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे. झटका चालू असताना जठराचं काम मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळीही लवकर लागू पडत नाही.

ओळखायची खूण अशी. दुखणं चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतं. बहुतेकदा एकाच बाजूला, ठणके मारत. जिना चढला, वाकून बादली उचलली की वाढतं. सोबत मळमळ असते, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. काहींना दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेघा दिसतात. मला पहिल्यांदा हे वर्गातच झालं. फळ्यावर मीच लिहिलेल्या 'पाऊस' या शब्दातला 'पा' दिसेना. वीस मिनिटांनी अक्षर परत आलं आणि डोकं उठलं. याला ऑरा म्हणतात. तो पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत राहतो. तुम्हाला ऑरा येत असेल तर ते लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

हे दुर्मीळ दुखणंही नाही. निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी बेंगळुरू आणि भोवतालच्या ग्रामीण भागात घरोघरी पाहणी केली, तेव्हा वर्षभरात साधारण चार माणसांत एकाला अर्धशिशी झालेली आढळली. त्यात बायका जास्त होत्या.

मात्र काही डोकेदुख्यांना फुल्या मारत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वीज कोसळावी तसं क्षणात अतिशय तीव्र दुखलं, ताप आणि मान आखडली, हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, फिट आली, डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागलं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानेच सुरू झालं, खोकलं-शिंकलं की फुटायला होतं, तर थांबू नका. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा डोकेदुखी लागली तर तीही तपासून घ्यायलाच हवी, भले ती सौम्य का असेना.

पायरी 1 : कॅलेंडर भरा

निदान दोन महिने, जमल्यास तीन. मोबाईलमधली ॲपही चालतील, पण भिंतीवरचं कॅलेंडर बरं, कारण ते घरातल्या सगळ्यांना दिसतं आणि त्यावर सणवार छापलेले असतात. फुली, टिंब, आणि बायकांनी पाळीच्या दिवसांना 'पा'. दिवसभर आडवं पडावं लागलं तर फुलीला गोल. बस्स. काय खाल्लं, किती वाजता झोपलो असलं सगळं लिहायला गेलात तर आठव्या दिवशी कंटाळाल.

महिना संपल्यावर पानाकडे नुसतं बघा. मला जे दिसलं ते मी जन्मात ओळखलं नसतं. चार महिन्यांपैकी तीन महिने संकष्टीला किंवा दुसऱ्या दिवशी फुली होती. संकष्टीचा उपवास चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत. सकाळी चहा, दुपारी बशीभर शाबूची खिचडी, मग शाळेतून येऊन थेट रात्री जेवण. उपाशी राहणं हे अर्धशिशीच्या सर्वांत पक्क्या कारणांपैकी एक. मी उपवास सोडला नाही. दर तीन तासांनी काहीतरी खायला लागले : दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू, दाणे. पाण्याची बाटली सोबत ठेवली. नवरात्रात नऊ दिवस निव्वळ पाण्यावर राहणाऱ्यांना अर्धशिशी असेल तर त्यांनी देवीला मनापासून सांगावं की दुधा-फळांवरचा उपवास गोड मानून घे.

पायरी 2 : टिंबं मोजा

हा भाग कुणी गाळू नये. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या, अर्गोटची गोळी किंवा ट्रिप्टान (या दोन्ही अर्धशिशीच्या झटक्यावरच्या खास गोळ्या) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिने चाललं की त्या गोळ्यांनीच डोकं रोज दुखायला लागतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये 'डोक्याची गोळी द्या' म्हटलं की बरेचदा कॅफिन मिसळलेली मिश्र गोळी हातात पडते. माझी एकोणीस टिंबं अशीच जमली होती. एका दुकानात तर मला बघताच पट्टी काढून ठेवायचे. त्यांना वाटायचं ते मदत करतायत, आणि मलाही तसंच वाटायचं.

ही सवय मोडली नाही तर पुढची प्रतिबंधक औषधंही, म्हणजे डोकं उठूच नये म्हणून रोज घ्यायची औषधं, नीट लागू पडत नाहीत. साधी गोळी बहुतेकांना एकदम बंद करता येते. पहिले काही दिवस डोकं आणखी उठतं, कधी आठवडा-दहा दिवस. त्यासाठी ते दिवस ठरवून घ्यावे लागतात. मी मे महिन्याच्या सुट्टीत केलं, आणि नणंद येऊन राहिली. पण झोपेच्या, अफूजन्य किंवा फेनोबार्बिटलसारख्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून अचानक बंद करू नका, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायच्या. पुढे नेम असा ठेवा की झटक्याची गोळी आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, पण ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशी दुखणं सुरू होताच घ्यायची, पुरता ठणका बसेपर्यंत वाट बघायची नाही.

पायरी 3 : रोजच्या दिवसाला घडी घाला

अर्धशिशीवाल्या मेंदूला बदल सोसत नाही. झोप कमी झाली तरी दुखतं, रविवारी दोन तास जास्त झोपलात तरी दुखतं. म्हणून उठण्याची वेळ रोज एकच, सुट्टीच्या दिवशीही. जेवणाच्या वेळा ठरलेल्या. चहा दिवसाला दोन, फार तर तीन कप, आणि त्याच वेळांना. रोज सहा कप पिणाऱ्याला एखाद्या दिवशी तीनच मिळाले तर त्यानेच डोकं उठतं, म्हणून कमी करायचा तर आठवड्याला एक कप या हिशेबाने.

आठवड्यात तीन वेळा चाळीस मिनिटं घाम येईल असं चालणं किंवा सायकल याने झटके खरोखर कमी होतात. 2020 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी नेहमीच्या औषधांना योगासनांची जोड देऊन पाहिली, तेव्हा नुसत्या औषधांपेक्षा फरक जास्त पडला. औषध सोडून योग नव्हे, औषधासोबत योग.

भोवतालच्या गोष्टी ज्याच्या त्याला माहीत असतात. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्यांना त्या उग्र वासाचा त्रास होतो, वडगाव-शहापूर-खासबागेत मागाच्या खडखडाटाचा, उद्यमबागेत भट्टीच्या झळीचा. ऊसतोडीच्या दिवसांत भर दुपारी डोक्यावर काही न घेता राबणाऱ्यांचं तर विचारूच नका. नोकरी सोडता येत नाही हे मला कळतं. टॉवेल ओला करून डोक्याला, कानात बोळे, दर तासाला पाणी, एवढं तरी हातात आहे.

खाण्याच्या याद्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. चॉकलेट बंद, केळं बंद, दही बंद असल्या याद्या डोळे झाकून पाळू नका. झटका येण्याच्या आदल्या दिवसापासूनच काहींना जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते आणि गोड खावंसं वाटतं. मी कित्येक वर्षं बेळगावच्या कुंद्याला दोष देत होते. खरं म्हणजे डोकं उठणार होतं, म्हणून कुंदा खावासा वाटत होता. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तीन-चार वेळा फुली पडली, तरच तो सोडा.

पायरी 4 : प्रतिबंधक औषध कुणाला लागतं, आणि कुठे जायचं

महिन्यात चार किंवा जास्त दिवस फुल्या असतील, तर विचारायला हवं. दोनच फुल्या असल्या तरी दोन्ही गोलात असतील आणि त्या दिवशी चूलही पेटत नसेल, तरी विचारायला हवं. झटक्याची गोळी लागू पडत नसेल किंवा सोसत नसेल, तरीही. महिन्याला 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले निदान आठ दिवस अर्धशिशीचे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर ती जुनाट अर्धशिशी. तिथे उशीर करू नये.

सुरुवातीला थेट न्यूरॉलॉजिस्टच लागतो असं नाही. चांगला एमडी फिजिशियनही ही औषधं सुरू करतो. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स आहे, केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. निपाणी-चिकोडीकडचे लोक कोल्हापूर किंवा मिरजेला जातात, तेही ठीक. कर्नाटक सरकारने निम्हान्सच्या साथीने ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह सुरू केलंय, त्यात डोकेदुखीही येते. जिल्हा रुग्णालयात 'ब्रेन हेल्थ क्लिनिक कोणत्या वारी असतं' असं खिडकीवर विचारून घ्या.

सोबत न्यायचं ते एवढं : कॅलेंडरची पानं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या (आयुर्वेदिकसुद्धा), आणि एका कागदावर पुढच्या गोष्टी. दमा आहे का, बीपी, साखर, किडनी स्टोन, काचबिंदू, लिव्हरचा त्रास, मन उदास राहतं का, वजन किती, येत्या वर्षात मूल हवंय का. औषधाची निवड बहुतेक याच कागदावर ठरते. डोकं तपासून नॉर्मल असेल आणि दुखण्याचा नमुना अर्धशिशीचाच असेल, तर एमआरआयची बहुधा गरज नसते. डॉक्टरांनी तो सांगितला नाही म्हणून नाराज होऊ नका.

आता भाषेचं. डॉक्टर बहुतेक मराठी समजतात, पण नर्स, केसपेपरची खिडकी, औषधाच्या खिडकीवरचा माणूस हुबळी-गदगकडचा असू शकतो. चार शब्द ठेवा सोबत. डोकेदुखी म्हणजे 'तलेनोवू', अर्धशिशी म्हणजे 'अरेतलेनोवू', उलटीला 'वांती', गोळीला 'मात्रे' किंवा 'गुळगी'. 'ऊटक्के मुंचे' म्हणजे जेवणाआधी, 'ऊटद नंतर' म्हणजे जेवणानंतर, 'मलगुवाग' म्हणजे झोपताना. हा शेवटचा शब्द विसरू नका. यातल्या बऱ्याच गोळ्या झोपतानाच घ्यायच्या असतात, आणि आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी ती महिनाभर सकाळी घेऊन दिवसभर पेंगत काढलं.

पायरी 5 : गोळ्यांची ओळख

इथे दिलेल्या जुन्या प्रतिबंधक औषधांपैकी एकही मुळात अर्धशिशीसाठी बनलेलं नाही. कुणी बीपीचं, कुणी फिटचं, कुणी नैराश्याचं. त्यामुळे हमखास एक प्रसंग घडतो. कुणीतरी शिकलेला पुतण्या मोबाईलवर गोळीचं नाव टाकतो आणि जाहीर करतो, 'काकू, ही तर फिटची गोळी!' लग्नाची मुलगी असेल तर घरात रडारड. एका पालकांनी मला विचारलं होतं, 'बाई, पोरीला वेडाची गोळी दिलीया, लोक काय म्हणतील?' त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगते. एकच औषध वेगवेगळ्या मात्रेत वेगवेगळं काम करतं. नैराश्यासाठी जी गोळी बरेचदा 75 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागते, ती डोक्यासाठी 10 पासून सुरू होते. तिने फिट असल्याचं सिद्ध होत नाही, वेडही नाही आणि सवयही लागत नाही.

प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे बीपी आणि हृदयाचे ठोके उतरवणारं औषध, सर्वांत जुनं आणि भरवशाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत अर्धशिशी रोखण्यासाठी त्याचं नाव आहे. साधारण 40 मिलिग्रॅमपासून सुरू करून दिवसाला 80 ते 160 पर्यंत नेतात. बीपी थोडं जास्त असेल, छाती धडधडत असेल तर एका दगडात दोन पक्षी. पण दमा असेल तर हे अजिबात नको. मधुमेहाला इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड झाकली जाते, म्हणून आधी सांगा. सुरुवातीला थकवा येतो, हातपाय गार पडतात, शेतात चढण चढताना दम लागतो. आणि हे कधीही एकाएकी बंद करायचं नाही. मेट्रोप्रोलॉल त्याच घरातलं.

अमिट्रिप्टिलीन, नैराश्याचं, रात्री झोपण्याच्या तासभर आधी, 10 मिलिग्रॅमपासून 25-50 पर्यंत. झोप लागत नाही, मान-खांदे दुखतात अशांना हे चांगलं जमतं. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, वजन वाढू शकतं. वयस्कर माणसांना, लघवी अडणाऱ्यांना, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांना जपून.

फ्लुनारिझिन आपल्याकडे फार लिहितात, रात्री 5 किंवा 10 मिलिग्रॅम. गुण येतो, पण झोप आणि वजन दोन्ही वाढवतं. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलंय त्यांनी ते नको म्हणावं. वयस्करांत हात कापणं, हालचाली मंदावणं असं पार्किन्सनसारखं होऊ शकतं, म्हणून ते काही महिन्यांपुरतंच देतात. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं घेत राहणारे मी पाहिलेत, तसं करू नका. रात्रपाळीला माग किंवा मशीन चालवणाऱ्यांनी झोपेची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

टोपिरामेट, फिटचं, 25 मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत साधारण 100 पर्यंत. वजन कमी करतं, म्हणून काहींना आवडतं. बोटांना मुंग्या येतात, बोलताना शब्द आठवत नाही. शिकवणाऱ्या माणसाला हे फार जाचतं, मला चाललं नसतं. किडनी स्टोन होण्याचा धोका वाढतो आणि काहींना घाम कमी येतो. त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात रानात काम करणाऱ्यांनी भरपूर पाणी प्यावं, आणि आधी मुतखडा होऊन गेला असेल तर ते सांगावं. अचानक डोळा दुखून अंधुक दिसलं तर गोळी पुढे चालू न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कॅन्डेसार्टन, बीपीचं, 8 ते 16 मिलिग्रॅम. दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही तेव्हा हे कामी येतं, आणि सोसायलाही हलकं असतं. नैराश्याचं व्हेन्लाफॅक्सिनही काहींना देतात. फिटचं व्हॅल्प्रोएट गुणकारी आहे, पण मूल होण्याच्या वयातल्या बायकांना अर्धशिशीसाठी ते देऊ नये. बाळात व्यंग आणि बुद्धीवर परिणाम होण्याचा धोका मोठा आहे. टोपिरामेट आणि कॅन्डेसार्टनही गरोदरपणात चालत नाहीत. लग्न ठरलंय, दुसरं मूल हवंय, हे लाजत बसायचे विषय नव्हेत. सासूसमोर बोलता येत नसेल तर डॉक्टरांना एकटीने भेटायला मागा.

पायरी 6 : औषधाला वेळ द्या

मला पहिल्यांदा प्रोप्रॅनोलॉल मिळालं तेव्हा मी ते बारा दिवसांत सोडलं. अंग जड झालं आणि डोकं तसंच उठत होतं. 'लागू पडलं नाही' म्हणून दीड वर्षं पुन्हा त्या वाटेला गेले नाही. चूक माझी होती, आणि थोडी चिठ्ठी देणाऱ्यांचीही, कारण ही गोळी आज घेतली की उद्या डोकं थांबेल अशी नसते हे कुणी सांगितलंच नव्हतं. ठरलेल्या मात्रेवर आल्यानंतर निदान आठ आठवडे, शक्य तर तीन महिने झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही. सुरुवात छोट्या डोसने आणि वाढ हळूहळू असेल तर थकवा, झोप बहुतेकदा सोसते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरते.

यश कशाला म्हणायचं? फुल्या निम्म्यावर आल्या तर औषध लागू पडलं. शून्याची अपेक्षा धरलीत तर चांगल्या औषधालाही नापास कराल. निम्म्यावर नाही आल्या तर औषध बदलायचं. एक गट चालला नाही म्हणून दुसरा चालणार नाही असं नसतं.

गोळी चुकू नये म्हणून मी पाकीट देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. सांजवात झाली की गोळी. जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या खूप स्वस्त मिळतात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा.

बायकांसाठी वेगळं थोडं

पानावर फुल्या 'पा'च्या आसपासच गोळा होत असतील, म्हणजे पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, तर ते डॉक्टरांना दाखवा. पाळी वेळेवर येत असेल तर त्या पाच-सहा दिवसांपुरतंच नॅप्रोक्सेन ही वेदनाशामक गोळी किंवा लांब टिकणारं ट्रिप्टान असा उपाय करता येतो.

आणि तो ऑरा. ऑरा येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. सत्यनारायण आला, यल्लम्माची जत्रा आली की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. तीही हार्मोनचीच गोळी. ऑरा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांनंतर कित्येकींची अर्धशिशी आपोआप उतरते. शक्यतो त्या काळात रोजची गोळी टाळतात, लागलीच तर काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात.

मुलांचं

मुलांचं डोकं बहुतेकदा दोन्ही बाजूंनी दुखतं आणि कमी वेळ दुखतं, कधी नुसतं पोटच दुखतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमिट्रिप्टिलीन आणि टोपिरामेट मुलांमध्ये दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. त्यामुळे आधी सकाळचा नाश्ता, पाण्याची बाटली, नऊ तास झोप, रात्रीचा मोबाईल बंद. माझ्या वर्गात डोकं धरून बसणाऱ्या पोरांपैकी बरीच न खाता आलेली असतात.

पायरी 7 : गोळ्यांनी भागलं नाही तर

जुनाट अर्धशिशीसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं देतात : कपाळ, कानशील, डोक्याचा मागचा भाग, मान आणि खांदे मिळून 31 जागी 155 युनिट, दर 12 आठवड्यांनी. महिन्यात 15 पेक्षा कमी दिवस दुखत असेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून कुणी सरसकट सुचवलं तर आपलं पान दाखवून विचारा.

अर्धशिशी रोखण्यासाठीच म्हणून बनलेली ही नवी औषधं 2018 पासून आली. झटक्यात सीजीआरपी नावाचं एक प्रथिन वाढतं, त्याला अडवणारी ही औषधं. एरेनुमॅब, फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब ही महिन्याला (फ्रेमानेझुमॅब तीन महिन्यांनीही) कातडीखाली टोचायची इंजेक्शनं. ॲटोजेपँट रोज आणि रिमेजेपँट एक दिवसाआड घ्यायची गोळी. अमेरिकन हेडेक सोसायटीने 2024 मध्ये ही औषधं पहिल्याच टप्प्यात द्यायला हरकत नाही असं म्हटलं. आपल्या खिशाला ती जड आहेत. दोन-तीन जुनी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ घेऊन झाल्यावरच न्यूरॉलॉजिस्टशी त्याबद्दल बोला.

वरच्या औषधांच्या गोळ्या नकोच असतील तर रायबोफ्लेविन (ब-2 जीवनसत्त्व) दिवसाला 400 मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम 400 ते 600 मिलिग्रॅम यांना थोडाफार आधार आहे. मॅग्नेशियमने जुलाब होतात, किडनीचा त्रास असेल तर घेऊ नका. रायबोफ्लेविनने लघवी गर्द पिवळी होते, घाबरू नका. ॲक्युपंक्चरचाही काहींना फायदा होतो. सुंठीचा लेप, बाम, डोक्याला घट्ट फडकं यांना माझा विरोध नाही, मीही बांधते. दृष्ट काढायची तर काढा. पण जिच्यात काय आहे ते छापलेलं नाही अशी पुडी तोंडात टाकू नका.

पायरी 8 : गोळी सोडायची केव्हा

सहा महिने ते वर्षभर फुल्या कमी राहिल्या की डॉक्टर डोस उतरवून बघतात. लग्नसराई, परीक्षा, गणपती अशा धामधुमीत हे करू नका. उतरवायचं ते आठवड्या-आठवड्यांनी. फुली मारणं मात्र चालू ठेवायचं, कारण दोन महिन्यांत फुल्या परत चढू लागल्या तर ते पानावर आधी दिसतं.

माझी गोळी आम्ही दसऱ्याच्या सुट्टीत उतरवायला घेतली. 80 मिलिग्रॅमवरून 60, तीन आठवड्यांनी 40. ऑक्टोबरच्या पानावर दोन फुल्या पडल्या, नोव्हेंबरच्या पानावर पाच. पानं घेऊन गेले. डॉक्टरांनी ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, बघितली, आणि पुन्हा 80 लिहून दिलं. पुढच्या मे महिन्यात परत उतरवून बघायचं ठरलंय.